सातव्या रकान्यात ‘नाही’

९ जानेवारी

झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी आज एक दोनशे पानी वही दिली. यांची झोप त्यात लिहायची. किती वाजता पडले, किती वेळा उठले, सकाळी ताजे होते की मरगळलेले. रोजच्या चार ओळी. त्यांच्या नोंदींना निम्मी वही पुरेल. उरलेली कोरी ठेवायची म्हणजे माझ्या जिवाला घोर. म्हणून वही उलटी धरून मागच्या बाजूने माझं लिहिते आहे. परत देताना ही पानं सोडवून घेईन.

यांचं वय पंचावन्न. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं कापड कापायचं काम. सगळे ‘मास्तर’ म्हणतात. चाळीस थर एकावर एक घालून एकदाच कापायचे, आणि एका दोऱ्याचा फरक नाही. तीन वर्षांपूर्वी यांनी चाळीसच्या चाळीस बाह्या डाव्या कापल्या. उजवी एकही नाही. मालक हसले, म्हणाले, “मास्तर, हात धरून चालणाऱ्या पोरांची शाळा आहे का ही?” हेही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

पहिल्या डॉक्टरांनी दीड वर्ष मन खिन्न असल्याच्या गोळ्या दिल्या. मग गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एकाएकी इकडे झोपेच्या दवाखान्यात पाठवलं. का, ते सांगितलं नाही. मी म्हटलं, देवालाच दया आली.

११ जानेवारी

मागची बाजू देवासमोर उघडी आहे, तर खरं लिहून टाकते. पहिल्या डॉक्टरांकडे एक फॉर्म भरायचा होता. अक्षर माझं बरं, मॅट्रिकला अक्षराचे वेगळे गुण मिळाले होते, म्हणून मीच भरला. सातवा रकाना असा होता: ‘रक्ताच्या नात्यात कोणाला विस्मरणाचा आजार?’ मी लिहिलं, ‘नाही.’

सासूबाईंना होता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या. त्याआधीच कितीतरी वर्षं त्यांची झोप उडालेली. लोक कौतुक करायचे, बाई दोन तास झोपते आणि चार माणसांचं काम करते. मग एकेक विसरत गेल्या. घरातून निघून जायच्या. आम्ही बाहेरून कडी लावायचो. खरं तर मीच लावायचे. बाहेर मात्र ‘हवापालट मानवला नाही, तापाने गेल्या’ असं सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

फॉर्म भरताना आमच्या लेकीचं, ठमीचं, लग्न ठरण्याच्या बेतात होतं. मुलाचं चष्म्याचं दुकान, माणसं चांगली. मुलाची मावशी त्याच इस्पितळात फायली लावायच्या कामाला. तिच्या हाती तो कागद जाणार हे मला ठाऊक होतं. शेजारी थोरल्या वन्सं बसल्या होत्या, यांच्या सख्ख्या बहीण. त्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी ‘नाही’ लिहिलं, आणि खाली नीट रेघ मारली.

ते लग्न झालंच नाही. मागच्या एप्रिलमध्ये ठमीने आठवड्याभरात मोडून टाकलं. कारण विचारलं तर, “पटलं नाही.” दोन वर्षं पटत होतं, एका आठवड्यात पटेनासं झालं!

१७ जानेवारी

काल रात्री दोघांना दवाखान्यात झोपवलं. यांच्या डोक्याला वीस-बावीस वायरी, आणि बाजूच्या खोलीत ठमीलाही तशाच. मी म्हटलं, हिला कशाला? ठमी म्हणाली, “घरातल्या एकाला बसवतातच, आई. तुलना करायला. नियम आहे.”

वायरी लावणारी बाई मोठी बोलकी. यांना म्हणाली, “काका, हलू नका, नाहीतर परग्रहावरचे संदेश येतील.” हे म्हणाले, “घरून येतायत तेच पुरेत.” इतकं हसले दोघं. असं बोलले की वाटतं, कुठे काय झालंय यांना?

सकाळी तीच बाई मला म्हणाली, “तुमची मुलगी झोपलीच नाही हो. वरच्या पंख्याची पाती मोजत होती.” नवी जागा, दुसरं काय.

२० जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या रेघा दाखवल्या. गाढ झोपेत मोठ्या मोठ्या लाटा यायला हव्यात. यांच्या कागदावर नुसती खरखर, खडूने घाईत ओढल्यासारखी.

बाई समजावून सांगतात. म्हणाल्या, “दुकान बंद झाल्यावर झाडलोट होते ना, तसा गाढ झोपेत मेंदू दिवसाचा केर काढतो, असं दिसतंय. काही घराण्यांत जनुकातल्या एखाद्या अक्षराची चूक पिढ्यान्‌पिढ्या उतरते. त्या माणसांची गाढ झोप विसर पडायच्या कितीतरी वर्षं आधीच कमी होते. आता झोप गेली म्हणून केर साचतो, की केर साचल्याने झोप जाते, ते आम्ही अजून शोधतोय.”

मी विचारलं, “मी यांना तीस वर्षं पहाटे चारला प्रार्थनेला उठवत आले. त्याने झालं का?”

“नाही. ते ओझं घेऊ नका.”

मी मान हलवली. पण ओझं असं ‘घेऊ नका’ म्हटल्याने उतरतं थोडंच? किती वेळा हे म्हणायचे, “पाच मिनिटं गं, आत्ताच डोळा लागलाय.” आणि मी पांघरूण ओढायचे. देवाला झोपाळू माणूस आवडत नाही असं मला कोणी सांगितलं होतं, तेही आता आठवत नाही.

मग बाईंनी सहज विचारलं, “तुमच्या सासूबाईंची झोप कशी होती?”

“चांगली होती,” मी म्हणाले.

ठमी बाजूला होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पर्स उघडली, काही काढलं नाही, पुन्हा बंद केली.

२१ जानेवारी

निघताना मी बाईंना विचारलं होतं, चूक मुलांत उतरते म्हणजे किती? “प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखी.” काल लिहायचं धाडस झालं नाही.

हे कामावर होते तेव्हा सांगायचे, वरच्या थरावर रेघ चुकली की खालचे एकोणचाळीस थर मुकाट्याने चुकतात, त्यांना कोणी विचारत नाही.

४ फेब्रुवारी

थोरल्या वन्सं आल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, अजून दोन मजले न थांबता चढतात. दुपारी जेवून जमिनीवर आडव्या झाल्या त्या पाचला उठल्या. असं घोरणं, की हे दार उघडून बघून आले, बाहेर कोणी फर्निचर ओढतंय का. नाणं वन्संच्या बाजूने पडलं. यांच्या बाजूने नाही पडलं.

चहा घेताना म्हणाल्या, “अगं, पोरीला आईचं सांगितलंस का?”

“कोणाच्या आईचं?”

“माझ्या आईचं, तुझ्या सासूचं. वेड पांघरून पेडगावला नको जाऊस.”

मी म्हटलं, “वन्सं, तेव्हा तुम्हीच माझा पाय दाबला होता.”

“पाय दाबला. तोंड नव्हतं दाबलं.”

मला इतका राग आला, की त्यांच्या कपात साखर घालायचीच राहिली. तशाच प्यायल्या. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “माझ्या पोटात काही राहत नाही, तुला ठाऊक आहे. तू आपणहून सांगितलंस तर बरं.” काय म्हणायचं होतं, कोण जाणे. वन्संचं बोलणं असंच, अर्धं गिळलेलं.

५ फेब्रुवारी

प्रार्थनेत ठरवलं, आज सांगायचं. ठमी साडेसातला आली. चेहरा दमलेला. उद्या सांगेन.

६ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१८ फेब्रुवारी

आज मी फार वाईट बोलले.

चष्मेवाल्याचं लग्न ठरलं, बाजारात त्याची आईच भेटली. म्हणाली, “आम्ही वर्षभर थांबलो हो तुमच्या मुलीसाठी. त्याला अजून कळलेलं नाही काय चुकलं.” मान खाली घालून घरी आले आणि ठमीवर बरसले. सत्ताविशी उलटली, बापाची ही अवस्था, मी काही अमरपट्टा घेऊन आलेले नाही. दंतशाळेत बसून लोकांच्या कवळ्या करतेस, स्वतःच्या संसाराचं काय?

ती म्हणाली, “आई, त्याला मुलं हवी होती.”

“मग? कोणाला नको असतात?”

ती ताटं उचलायला लागली.

मी म्हणाले, “दगड आहेस तू. तुझ्या आजीसारखी. समोरचा मेला तरी तुला पाझर फुटायचा नाही.”

आजीचं नाव का आलं तोंडात? देव जाणे. ठमीचा चेहरा असा झाला, जणू मी तिला काही सांगायला आले आणि दारातून परत गेले. थोड्या वेळाने म्हणाली, “आजी कशी होती, आई?”

“होती आपली, चारचौघींसारखी,” मी म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली.

१ मार्च

सकाळी हे घरात नव्हते. चपला होत्या, हे नव्हते. मी अनवाणीच धावत सुटले. देवाने बुद्धी दिली आणि कारखान्याकडे वळले. हे तिथे कापायच्या लांब टेबलापाशी उभे. हातात खडू. शिलाईवाल्या बायका मशिनी थांबवून बघतायत. नव्या कटरने यांना एक चिंधी अंथरून दिली होती आणि हे तिच्यावर रेघ ओढत होते. अशी सरळ, पट्टीने मारल्यासारखी. नवा कटर म्हणाला, “काकू, राहू दे थोडा वेळ. मला शिकायला मिळतंय.” भला माणूस.

घरी आणल्यावर मी घाबरून बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. हे खुर्चीत बसून बघत होते. मग अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, “मला आईसारखं कोंडू नकोस.”

एकतीस वर्षांत यांनी त्या कडीचं नाव काढलं नव्हतं. मला वाटायचं, यांना ठाऊकच नाही. मी कडी लावायचे तेव्हा हे कारखान्यात असायचे. विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“तिच्या मुठी सुजलेल्या असायच्या,” म्हणाले. “मी तेल लावायचो.”

आणि दोनच मिनिटांनी, “मास्तर आले का? कापड आलंय.”

मी किल्ली काढून ठेवली. दाराला घुंगरू बांधलंय, उघडलं की वाजतं. आज दिवसभर ते वाजलं की माझ्या छातीत धस्स होतंय. होऊ दे. सासूबाईंच्या वेळी एक घुंगरू बांधायचं मला सुचलं नाही. वीस वर्षांची होते, हे काही कारण नव्हे. घुंगरू कळायला किती वय लागतं?

३ मार्च

एकटीच दवाखान्यात गेले. बाईंसमोर बसले आणि एका दमात सांगितलं. सातवा रकाना खोटा आहे. सासूबाईंना होता, पन्नाशीच्या आत झोप उडाली होती, एकोणसाठाव्या वर्षी गेल्या. मला तो फॉर्म द्या, मी दुरुस्त करते.

बाईंनी काहीच नवल दाखवलं नाही. पहिल्या डॉक्टरांकडून आलेली फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. माझा ‘नाही’ होता, खाली माझी रेघ. त्यावर काट मारलेली आणि बाजूला निळ्या शाईत: ‘होय. वडिलांची आई. सुरुवात पंचावन्नच्या आत. त्याआधी अनेक वर्षं झोप नाही. माहिती आत्याकडून.’ खाली तारीख, गेल्या वर्षीची अकरा एप्रिल. अक्षर ठमीचं. मीच गिरवून घेतलेलं.

“याच ओळीमुळे तुम्हाला माझ्याकडे पाठवलं,” बाई म्हणाल्या. “नाहीतर मनाच्या गोळ्याच चालू राहिल्या असत्या.”

म्हणजे माझ्या एका शब्दाने यांचं दीड वर्ष खाल्लं. मी हात जोडून देवाचे आभार मानत होते, तेव्हा पोर एकटी जाऊन माझं खोटं खोडून आली होती. आणि त्याच आठवड्यात चष्मेवाल्याला नाही म्हणाली होती. तारखा एकाखाली एक लावायला मला इतके महिने लागले. लोक मला हिशोबी म्हणतात.

मी विचारलं, “तिने रक्त दिलंय का?”

“ते मी सांगू शकत नाही. तिलाच विचारा.”

तिथून थेट दंतशाळेत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. ठमी दिव्याखाली मेणाचा एक दात कोरत होती. मला बघून हातातलं हत्यार तिने खाली ठेवलं.

मी म्हणाले, “मी फाइल बघून आले.”

ती म्हणाली, “मी रोज वाट बघत होते, आई. आज सांगेल, उद्या सांगेल. बाईंनी तुला आजीची झोप विचारली, तेव्हा तर वाटलं, आत्ता. आणि तू म्हणालीस, चांगली होती.”

“तुझं लग्न मोडू नये म्हणून गं.”

“ते मी मोडलं. त्याला सांगावं लागलं असतं, आणि तो म्हणाला असता, काही हरकत नाही. तो तसाच आहे.” ती हसली. “मग मीच हरकत घेतली.”

मी तिला दगड म्हणाले होते. माफी मागायला तोंड उघडलं तर नुसता हुंदका आला. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून बाहेर गेला. ठमी म्हणाली, “अगं, रडू नकोस, इथे सगळे दात दुरुस्त करतात, आया नाही.”

“रक्त दिलंस का?”

“दिलंय. पण ते सांगतात तेव्हा आधी चार वेळा बोलावून विचारतात, खरंच ऐकायचंय का? माझं अजून ठरत नाही. ठरलं तरी तुला सांगेन असं नाही, आई. ते माझं आहे.”

मी हो म्हणाले. दुसरं म्हणायला मला जागा कुठे होती?

१४ मार्च

यांनी आज मला ‘बाई’ म्हणून हाक मारली, परक्या बाईला मारतात तशी. मग म्हणाले, “तुमच्या हाताला चव आहे.” एकतीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, तेही दुसरीचं समजून. सांगितल्यावर ठमी पोट धरून हसली. मीही हसले. मग दोघी आत जाऊन वेगवेगळ्या खोल्यांत बसलो.

पहाटेची प्रार्थना मी एकटीच करते. यांना आठपर्यंत उठवत नाही. झोपलेले असोत नसोत, पांघरूण नीट करून बाहेर येते.

२६ मार्च

आज ठमी दुपारीच घरी आली. सुट्टी काढली होती, दवाखान्यात काम होतं म्हणाली. मी विचारलं नाही. जीभ दाताखाली धरली होती. पण तिचा चेहरा इतका शांत होता, कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता तसा. पोटभर जेवली. बाबांची नखं कापून दिली. मला वाटतं, चांगलंच कळलं असणार. नाहीतर माणूस इतका निवांत कसा बसेल? मनातल्या मनात देवाला हात जोडले.

जेवणानंतर कागद-पेन घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, “आता आजीचं सगळं सांग. काही गाळू नकोस.”

मग मी सांगितलं. कडीचंही. मुठींचंही. ती लिहीत होती. मला केवढं हलकं वाटलं. आजीचा इतका जिव्हाळा या पोरीला, तिला ती आठवतही नाही!

बारीकसारीक विचारत होती. आजी चिडायची ती कशाने? मी म्हटलं, चार माणसं एकदम बोलली की. शांत कशाने व्हायची? केस विंचरले की, आणि ओले कपडे घड्या घालायला दिले की. तेच कपडे दहादा दिले तरी चालायचं. अंघोळीला घाबरायची का? डोक्यावरून पाणी घेतलं की घाबरायची, पायापासून सुरुवात केली तर नाही. ओळख पटेना तेव्हा नाव सांगितलेलं आवडायचं की नाही? मी आठवून सांगितलं, नाही. नाव सांगितलं की ओशाळायची. नुसतं जवळ बसलं की पुरे.

“आणि तिला कळत होतं का, सुरुवातीला?”

“कळत होतं. पण आम्ही कोणी तिच्याशी त्याबद्दल बोललो नाही. सगळे म्हणायचो, काही नाही झालंय.”

“हे नको होतं,” ठमी म्हणाली आणि ते वेगळ्या ओळीत लिहिलं.

दोन पानं भरली. सुरेख अक्षर. शेवटी म्हणाली, “खाली सही कर.” मी म्हटलं, माझी कशाला? “सांगणाऱ्याची असावी.” मी सही केली. बघते तर सबंध कागदावर आजीचं नाव कुठेच नाही. ‘चिडते तेव्हा’, ‘घाबरते तेव्हा’ असंच सगळं, आणि वरती नावासाठी सोडलेली जागा कोरी.

मी म्हटलं, “अगं, वर नाव घालायचं राहिलंय.”

“राहू दे,” म्हणाली. “तू ठेव तुझ्याजवळ.”